समुपदेशकाच्या बढतीचं काय? : डॉ. विक्रम पटेल यांना खुलं पत्र

आदरणीय डॉ. विक्रम पटेल यांस,


मी विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मानसोपचार हा माझा विषय नव्हे. तुमच्या कोणत्याही प्रकल्पात मी नव्हते आणि आपली कधी भेटही झालेली नाही. तरी तुमची कारकीर्द मी लांबून, लक्ष देऊन पाहत आले, कारण तुम्ही ज्या जागेवर प्रयोग केलेत ती माझ्या रोजच्या कामाची जागा होती: सरकारी आरोग्य केंद्राची ओपीडी. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मला जे मागायचं आहे ते देणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. त्यात मंत्रालय आहे, विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालयांतले मानसोपचाराचे विभाग आहेत. पण बोलायला तुम्ही सुरुवात केलीत तर बाकीचे ऐकतील, असा माझा विश्वास आहे.

आधी ती ओपीडी. सकाळी केसपेपरच्या खिडकीशी रांग लागते, बाजाराच्या दिवशी ती आवाराबाहेर जाते. ताप, खोकला, गरोदर बाया, विंचू चावलेला मजूर, आणि या सगळ्यांच्या मधेमधे हमखास येणारी एक बाई. वय तिशीचं, कधी पन्नाशीचं. "बाई, जीव घाबरते. हातपाय गळून जाते. डोकं भणभणते. झोपच नाही येत." रक्तदाब बरोबर. हिमोग्लोबिन थोडं कमी, पण ते तर गावातल्या निम्म्या बायांचं तसंच. ईसीजी काढला तरी साफ. सगळं ठीक आहे म्हटलं की तिचा चेहरा आणखी उतरतो, कारण ठीक नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग औषधाच्या खिडकीवर कॅल्शियम, लोह, ब कॉम्प्लेक्स. पंधरा दिवसांनी तीच बाई, तीच तक्रार. बाहेर शंभर माणसं उभी असताना डॉक्टरला तिच्यासाठी दोन मिनिटं मिळतात. सिस्टर प्रसूतिगृहात, आशाताई लसीकरणाच्या यादीमागे, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ रक्ताच्या काचपट्ट्यांत. तिच्यासमोर अर्धा तास बसून नवऱ्याची दारू, मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज आणि यंदाच्या कापसाचा भाव हे सगळं ऐकून घेणं हे आमच्या केंद्रात कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

२०१० साली 'लॅन्सेट'मध्ये तुमचा 'मानस'चा अभ्यास आला, तेव्हा त्यात मला हीच बाई दिसली, फक्त गोव्यातली. गोव्यातली २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखाने, अर्धे सरकारी आणि अर्धे खासगी. निम्म्या ठिकाणी एक जास्तीचं माणूस नेमलं. ते डॉक्टर नव्हतं, परिचारिका नव्हतं, मानसशास्त्राची पदवीही त्याच्याकडे नव्हती. ते स्थानिक होतं, प्रशिक्षण घेतलेलं होतं, आणि त्याच्या कामाच्या यादीत पहिली ओळच ऐकण्याची होती. निराशा आणि चिंतेच्या विकारांनी आलेले रुग्ण ओळखायचे, त्यांना आजार समजावून सांगायचा, श्वासाचे साधे व्यायाम शिकवायचे, लागेल तिथे ठरावीक बैठकांचा समुपदेशनाचा क्रम घ्यायचा, त्याहून पुढची गरज दिसली तर केंद्रातल्या डॉक्टरकडे आणि मग भेट देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत ज्यांना हा समुपदेशक मिळाला त्यांच्यापैकी ६५.९ टक्के बरे झालेले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होतं.

त्याच निबंधात दुसरा आकडाही तुम्ही तितक्याच ठळकपणे छापलात, आणि माझा तुमच्यावरचा विश्वास खरा बसला तो तिथे. खासगी दवाखान्यांत समुपदेशक ठेवल्यानं काहीही फरक पडला नव्हता. दोन्हीकडे साधारण पासष्ट टक्के लोक बरे झाले होते. माझा त्यावरचा तर्क असा की गावच्या खासगी डॉक्टरला रुग्णाचं घर माहीत असतं, तो चार शब्द बोलतो, पुन्हा पुन्हा तोच भेटतो, आणि त्याच्या दवाखान्यात हे काम काही अंशी आधीच होत असतं. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलत राहतो आणि रांग संपत नाही, म्हणून तिथे त्या एका माणसानं इतका फरक केला. म्हणजे कमी होती ती औषधाची नव्हती. ज्याला बसायला वेळ आहे अशा माणसाची होती. हा निष्कर्ष मी नंतर अनेक बैठकांत मांडला. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत लसीकरणाचा टक्का आणि कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट यांच्यापुढे तो कधी पोचला नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमची वाट इथवर आली कशी, हे मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगते. मुंबईत जन्म, ग्रँट मेडिकल कॉलेजची पदवी, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग लंडनमध्ये मानसोपचाराचं प्रशिक्षण. या टप्प्यावर उभ्या असलेल्या आपल्याकडच्या हुशार मुलापुढे दोन रस्ते असतात आणि दोन्ही सन्मानाचे: विलायतेत कन्सल्टंट व्हावं, नाहीतर परत येऊन मोठ्या शहरात दवाखाना टाकावा. त्या दोन्हींना मी कमी लेखत नाही. चांगला मानसोपचारतज्ज्ञ आयुष्यभर एकेका रुग्णासमोर बसून जे करतो त्याचं मोल मोठं आहे. तुम्ही मात्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरारेला गेलात. झिम्बाब्वेत तेव्हा सगळे मिळून डझनभर मानसोपचारतज्ज्ञ, त्यातले बहुतेक राजधानीत, आणि खेड्यांतल्या नव्वद लाख लोकांच्या वाट्याला जेमतेम दोघे, असं तुम्हीच नंतर जाहीर भाषणात सांगितलं आहे. लंडनच्या वॉर्डात जे शिकलात ते त्या देशात पोचवायला माणसंच नव्हती. तुम्ही तिथल्या दवाखान्यांत बसलात, पारंपरिक वैदूंकडे जाणाऱ्या लोकांशीही बोललात, आणि शोना भाषक माणूस आपल्या मनाचं दुखणं ज्या शब्दांत सांगतो त्या शब्दांतून सहकाऱ्यांबरोबर एक प्रश्नावली बांधलीत.

त्या प्रश्नावलीचं पुढे काय झालं हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते. हरारेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकं टाकली आणि त्यांच्यावर तिथल्या वयस्क आज्यांना प्रशिक्षण देऊन बसवलं. मनानं खचलेला माणूस येतो, आजीशेजारी बसतो, आपल्या अडचणी सांगतो आणि त्यातली एक अडचण निवडून दोघं मिळून ती सोडवायला घेतात. २०१६ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात या बाकांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि निकाल चांगला होता. कोणाला मदतीची गरज आहे हे त्या चाचणीत ओळखलं गेलं ते तुमच्या शोना प्रश्नावलीनं. त्याच्या वीसेक वर्षं आधी एका तरुण डॉक्टरनं मागे सोडलेलं साधन दुसऱ्या माणसाच्या हातात, दुसऱ्या कल्पनेसाठी उपयोगी पडलं.

मी तुमची सगळी कारकीर्द अशीच वाचते. १९९६ साली गोव्यात सहकाऱ्यांबरोबर 'संगाथ' ही संस्था उभी केलीत. २००३ साली 'जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही' अशा जागांसाठी पुस्तक लिहिलंत, ते आरोग्यसेवकाला आणि परिचारिकेला डोळ्यांसमोर ठेवून. २००७ साली 'लॅन्सेट'च्या लेखमालेत जगभरातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन सरकारांना सांगितलंत की मनाच्या आजारांवरचे उपचार गरीब देशांतही परवडतात. २०१४च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणाच्या गटात बसलात. 'टाइम'ची यादी, गेर्डनर पुरस्कार, हार्वर्डमधलं प्राध्यापकपद, ही नावं आमच्या वर्तमानपत्रांनी छापली, त्याचा मलाही अभिमान वाटला. पण माझ्या लेखी त्यांच्यापेक्षा मोठी गोष्ट ही की प्रत्येक पदावर गेल्यावर तुम्ही तज्ज्ञाच्या हातातलं एखादं काम काढून त्याहून कमी शिकलेल्या माणसाच्या हातात दिलंत, आणि दिल्यावर ते नीट झालं का हे मोजलंत. आमच्या क्षेत्रात उलटं चालतं. पद जितकं मोठं, तितकं काम स्वतःकडे ओढून घेतलं जातं.

या वाटेवर टीकाही झाली आणि ती मी सोडून देणार नाही, कारण ती माझ्या जिल्ह्याबद्दलच आहे. शेतकऱ्याचं दुःख कर्जाचं आहे, भावाचं आहे, पावसाचं आहे, त्याला निराशेचं नाव देऊन गोळी आणि गप्पा देणं म्हणजे सरकारची जबाबदारी झटकणं, असं म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. कापूस पडत्या भावानं विकून घरी आलेल्या माणसाला 'तुम्हाला नैराश्य आहे' असं सांगणं मलाही जड गेलेलं आहे. पण ओपीडीत बसून मी दुसरी बाजूही पाहिली. खचलेला माणूस बँकेत जात नाही. पीकविम्याचा अर्ज भरत नाही, बायकोशी बोलत नाही, पहाटे उठून वावरात जात नाही. त्याच्या हक्काचं जे आहे तेही त्याच्या हातून सुटत जातं. तुमच्या गोव्यातल्या समुपदेशनाचा गाभा म्हणजे माणसाला पुन्हा हालचालीला लावणं. आज एक काम, उद्या दुसरं, आणि अडचणीचे तुकडे करून एकेक हातात घेणं. भाव मिळवून देणं हे त्याचं काम नाही. भावासाठी भांडायला उभं राहण्याइतकं बळ माणसात येणं, एवढं ते करू शकतं. दोन्ही हवं आहे, आणि एकाच्या नावानं दुसरं नाकारू नये.

ही चर्चा कागदावरच राहिली असती, पण तुमचे सहकारी डॉ. राहुल शिधये आणि मंडळींनी 'विश्राम' प्रकल्पातून अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ती जमिनीवर आणली. गावातलेच कार्यकर्ते घरोघर गेले, छोट्या सभा झाल्या, समुपदेशक उपलब्ध झाले, गरज असेल त्यांना डॉक्टर भेटले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठे ना कुठे मदत मागत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झालं. बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचारांबाहेर असल्याचं दिसलं होतं. त्या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातल्या गावांत सहापट माणसं बोलायला तयार होणं ही लहान गोष्ट नाही. हे घडवलं त्यांच्यात बहुसंख्य मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. साताऱ्यात 'परिवर्तन'सारख्या संस्थेबरोबर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी झालेल्या कामातही कुटुंबापर्यंत जाणारे हात सामाजिक आरोग्यसेवकांचेच होते. तिथे मिळालेला फायदा माफक होता, आणि तोही तुम्ही माफकच असल्याचं सांगितलंत.

आता मी मुद्द्यावर येते.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांबरोबर झालेली तुमची पुढची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे हे रुग्ण, म्हणजे किरकोळ उदासीचे नव्हेत. समुपदेशकानं सहा ते आठ बैठका घेतल्या आणि ६४ टक्के रुग्ण आजाराच्या रेषेखाली आले. तुलनेच्या गटात ३९ टक्के. घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीच्या जोडचाचणीतही तेच समुपदेशक होते, तिथला फरक कमी, पण खरा होता: ३६ आणि २६ टक्के. या आकड्यांइतकीच मला महत्त्वाची वाटते ती या समुपदेशकांच्या देखरेखीची पद्धत. त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत. मग समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकत आणि ठरावीक मोजपट्टीवर गुण देत. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि त्यांनी एकमेकांना दिलेले गुण जवळपास जुळले. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेला, मानसशास्त्राची पदवी नसलेला माणूस उपचार करू शकतो, एवढंच यातून सिद्ध झालं नाही. तो दुसऱ्याच्या कामाचा दर्जा ओळखू शकतो, म्हणजे शिकवू शकतो, पर्यवेक्षण करू शकतो, वरच्या पायरीवर जाऊ शकतो, हेही सिद्ध झालं.

ती वरची पायरी आहे कुठे?

आपल्या आरोग्यसेवेत जवळजवळ प्रत्येकाला कुठेतरी चढायला जागा असते. अधिपरिचारिका परिसेविका होते, सहायक अधिसेविका होते, अधिसेविका होते. एएनएम आरोग्य सहाय्यिका होते. मानसोपचार हा विषय घेतलेला निवासी डॉक्टर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता होऊ शकतो, आणि त्याच्यात धमक असेल तर तुमच्यासारखा जगाच्या एका मोठ्या विद्यापीठात विभाग चालवू शकतो. समुपदेशकाला मात्र पहिलं पाऊलच शेवटचं. प्रकल्पाचा निधी असेतोवर काम, निधी संपला की काम संपलं. सरकारी व्यवस्थेत एचआयव्ही केंद्रांतले, किशोरवयीन मुलामुलींच्या 'मैत्री' क्लिनिकमधले समुपदेशक आहेत, पण बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर, आणि दर वर्षी करार वाढेल का या काळजीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं. ओपीडीतल्या त्या बाईसमोर बसणारं पद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आकृतिबंधात आजही नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आलं, ते समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या आणि आशाताईच्या आधीच भरलेल्या ओट्यात पडलं.

आशांचं उदाहरण मुद्दाम देते. २००५ पासून त्या काम करतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या सगळ्या आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार देऊन गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक मानधनासाठी संपावर होत्या. कागदोपत्री त्या अजूनही स्वयंसेविका. वीस वर्षं काम केलेली आशा आणि काल लागलेली आशा यांच्यात पदानं काहीच फरक नाही. पहिलीला बाळंतपणाच्या गुंतागुंती दिसताक्षणी कळतात, गावातल्या कुणाच्या घरी काय चाललं आहे ते ठाऊक असतं, पण त्या जाणतेपणाची नोंद घेणारा एकही रकाना सरकारी नमुन्यात नाही. तज्ज्ञाकडून काम काढून समाजातल्या बाईकडे देण्याची कल्पना या दिशेनं गेली तर ती अन्यायाचं नवं रूप होईल, आणि त्यासाठी पुरावा म्हणून तुमचेच निबंध दाखवले जातील. कमी खर्चात होतं, हे सरकारला लगेच ऐकू येतं. चांगलं होतं आणि त्यासाठी माणूस टिकला पाहिजे, हे ऐकू यायला वेळ लागतो.

म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिलं आहे. २०२३ पासून तुम्ही हार्वर्डमध्ये ज्या विभागाचे प्रमुख आहात, तो तुमच्याआधी पॉल फार्मर चालवत होते, आणि तुमच्या अध्यासनाला त्यांचंच नाव आहे. हैतीच्या डोंगराळ भागात क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या रुग्णांकडे रोज घरी जाऊन औषध देणाऱ्या गावकऱ्यांना त्यांच्या संस्थेनं कामावर घेतलं. त्यांना पगार मिळाला पाहिजे, गरिबाकडून फुकट काम करून घेऊन गरिबाची सेवा होत नाही, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्यानं समुपदेशकाच्या पगाराबद्दल आणि बढतीबद्दल बोलणं हे मला त्या खुर्चीच्या कामाचाच भाग वाटतं.

नेमकं काय करता येईल, याबद्दल एका जुन्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत सांगते. सरकारी केंद्रात होणाऱ्या पुढच्या कोणत्याही चाचणीचा आराखडा मंजूर होतानाच राज्य सरकारशी लेखी ठरलेलं असावं की निकाल चांगला आला तर ते पद आकृतिबंधात येईल, त्याची वेतनश्रेणी कोणती, आणि चाचणीत काम केलेल्यांना भरतीत अनुभवाचे गुण किती. रुग्णाची संमती घेतल्याशिवाय तुम्ही एक प्रश्नही विचारत नाही. चाचणी संपल्यावर समुपदेशकाचं काय होणार, याचीही तशीच अट असली पाहिजे. हे अवघड आहे हे मला ठाऊक आहे. एक पद निर्माण करायला वित्त विभागात फायली किती फिरतात, ते मी पाहिलं आहे. पण 'मानस'च्या खर्चाचा हिशेबही तुमच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे आणि सरकारी केंद्रांत हा उपक्रम खर्च वाचवणारा ठरला. तो हिशेब वित्त विभागाच्या भाषेत, मराठीत, एका पानावर मांडला तर निदान टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला बळ मिळेल.

दुसरी अडचण शिक्षणाची आहे. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात वर्तनविषयक आरोग्याचं काम करणाऱ्यांनाही स्थान मिळालं, हे चांगलं झालं. पण व्यावसायिक म्हणून नोंद व्हायला किमान २,००० तासांचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम लागतो. बारावी झालेली, दोन मुलं असलेली, गावात सगळ्यांना धरून असलेली बाई त्या चौकटीत बसत नाही, आणि तुमच्या चाचण्यांत ज्यांनी रुग्ण बरे केले त्यांच्याकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. तिच्यासाठी टप्प्याटप्प्यानं पुरे करता येणारं शिक्षण हवं. काम करता करता, पगार घेता घेता शिकायचं. आधी समुपदेशक, मग सहकाऱ्यांच्या बैठका तपासणारी, मग तालुक्याची प्रशिक्षक, आणि प्रत्येक टप्प्याला विद्यापीठाचं प्रमाणपत्र. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे करू शकतं. तुमच्या विभागानं डिजिटल प्रशिक्षणावर बरंच काम केलं आहे. ते मराठीत आणि कोंकणीत या विद्यापीठाच्या हाती द्या, आणि परीक्षेत पाठांतराऐवजी ध्वनिमुद्रित बैठक तपासली जावी असा आग्रह धरा.

माझ्या मनात एक भीतीही आहे. पद आलं की नोंदवही येते. एएनएमचं काय झालं ते आम्ही पाहिलं: घरभेटींसाठी नेमलेली बाई रजिस्टरं भरण्यात आणि पोर्टलवर आकडे चढवण्यात बुडाली. समुपदेशकाला पगार आणि पायऱ्या देताना तिच्याकडून दर महिन्याला 'किती रुग्णांना समुपदेशन केले' एवढाच आकडा मागितला, तर दोन वर्षांत आमच्या ओपीडीत आणखी एक टेबल वाढलेलं असेल आणि जीव घाबरतो म्हणत येणारी ती बाई तशीच परत जात असेल. तुमच्या गोव्यातल्या पद्धतीत यावरचा उपाय आधीच आहे. एकत्र बसून एकमेकांचं काम ऐकणं आणि त्याला गुण देणं, हाच तिचा अहवाल मानावा. हे आढावा बैठकीच्या तक्त्यात बसवायला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्रास होईल. तो त्रास त्यांनी घ्यावा.

आणि मानसोपचाराच्या विभागांतल्या प्राध्यापकांनाही या पत्रातून दोन शब्द. तुमच्यातल्या काहींना हे सारं आपल्या विषयाचं अवमूल्यन वाटतं, अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण देणं वाटतं. ती काळजी खोटी नाही. आत्महत्येचा विचार घेऊन आलेला माणूस, भ्रम झालेला तरुण, बाळंतपणानंतर वेगळीच वागू लागलेली आई, यांना तज्ज्ञच हवा आणि वेळेवर हवा. पण विक्रम पटेलांनीच दाखवलेला हिशेब आठवा: ब्रिटनच्या प्रमाणात भारतात दीड लाख मानसोपचारतज्ज्ञ लागतील, आणि त्यांनी हा हिशेब मांडला तेव्हा होते सुमारे तीन हजार. आपण आयुष्यभर ओपीडी उपसली तरी ही दरी भरणार नाही. तज्ज्ञानं आठवड्यातला एक दिवस तालुक्याच्या समुपदेशकांबरोबर बसावं, अवघड रुग्णांची चर्चा करावी, चुका दाखवाव्यात. असा दिवस पदव्युत्तर अभ्यासक्रमात सक्तीचा करावा आणि पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधांइतकंच वजन त्याला द्यावं. विभागप्रमुखानं मनावर घेतलं तर यातलं निम्मं वरच्या आदेशाशिवायही सुरू होऊ शकतं.

डॉक्टर, तुमच्या निबंधांवर लेखकांची लांबलचक नावं असतात, आणि त्यांतली काही गोव्यातून, साताऱ्यातून, अमरावतीतून आलेली आहेत, हे मी आवर्जून पाहते. ज्यांनी त्या बैठका घेतल्या त्या समुपदेशकांची आज काय स्थिती आहे, ते कुठे काम करतात, कुणाला सरकारी नोकरी मिळाली, कोण पुन्हा शिवणकामाला किंवा दुकानात परतलं, यावरही एक अभ्यास तुमच्या विभागानं करावा आणि तो 'मानस'च्या निकालाइतक्याच सरळपणे छापावा. खासगी दवाखान्यांचा तो आकडा छापताना तुम्ही कचरला नव्हतात.

पुढच्या वेळी मुंबईत मंत्रालयात किंवा पर्वरीच्या सचिवालयात आरोग्य सचिवांना भेटायला जाल, तेव्हा सोबत एखाद्या समुपदेशक बाईला न्या. सादरीकरण तुम्ही करा. पगार आणि बढतीचा विषय निघाला की मग तिला बोलू द्या, आणि तिचं बोलून होईपर्यंत बैठक संपू देऊ नका.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
अमरावती जिल्हा